सही होण्याआधी

गल्लीत एके दिवशी जेसीबी येतो, रस्ता उकरला जातो, खडी पडते आणि डांबराचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. चला, इतक्या वर्षांनी काम तरी झाले, म्हणून आपण समाधान मानतो. पहिल्या मोठ्या पावसात तीच खडी उघडी पडते आणि मग आपण नगरसेवकाच्या नावाने बोटे मोडतो. काम सुरू झाले तेव्हा आणि ते उखडले तेव्हा, दोन्ही वेळा खरी गोष्ट एका कागदावर लिहिलेली असते. काम किती जाडीचे, किती रुपयांचे, कोणाचे आणि बिघडले तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे सगळे त्या करारात असते. आपल्यापैकी किती जणांनी असा करार डोळ्यांनी पाहिला आहे?

करार न पाहण्याची किंमत काय असते, हे कोल्हापूरकरांइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच कळले असेल. टोलचे दिवस आठवा.

शहरातले रस्ते खराब होते आणि महापालिकेच्या तिजोरीत पैसे नव्हते. तेव्हा 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' या तत्त्वावर शहरांतर्गत रस्ते करण्याचे ठरले. 2008-09 च्या सुमारास महापालिका, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी असा तिघांत करार झाला. सुमारे 50 किलोमीटरचे रस्ते, खर्च 220 कोटी रुपये. पैसे कंपनीने घालायचे आणि त्या बदल्यात तिने 30 वर्षे टोल घ्यायचा. शिवाय टेंबलाईवाडीची सुमारे तीन हेक्टर जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची. शहराच्या वेशींवर नऊ नाके उभे राहायचे होते.

हे सारे कागदावर आले, मंजूर झाले, सह्या झाल्या. त्या वेळी शहरात फारसा आवाज उठला नाही. रस्ते होणार, पालिकेचा एक पैसा जाणार नाही, असेच सगळ्यांना वाटत होते. 30 वर्षे म्हणजे आज पाळण्यात असलेले मूल बापाच्या वयाचे होईपर्यंत, हा हिशेब घराघरांत कोणी मांडला नाही. शिरोलीचा कामगार, उचगावचा भाजीवाला, फुलेवाडी नाक्यापलीकडून गाडी घेऊन दवाखान्यात येणारे कुटुंब, या सगळ्यांच्या रोजच्या ये-जा करण्यावर ही वसुली बसणार होती. हे लोकांना उमगले ते नाक्यांचे सांगाडे उभे राहू लागल्यावर.

त्यानंतर कोल्हापूरने जे केले ते महाराष्ट्राने पाहिले. सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. वयाची ऐंशी ओलांडलेले प्रा. एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे रस्त्यावर उतरले. मोर्चे निघाले, बंद झाले, धरणी झाली. 17 ऑक्टोबर 2013 ला तरीही वसुली सुरू झाली. जानेवारी 2014 मध्ये संतापाचा भडका उडून नाके पेटले. जाळपोळीने कोणाचे भले होत नाही, पण लोक त्या टोकाला का गेले याचा विचार राज्यकर्त्यांना करावाच लागला. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने 2014 मध्ये वसुलीला स्थगिती दिली, पुढे त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात ती उठली आणि नाके पुन्हा सुरू झाले. सही झालेला करार केवळ लोकांच्या नाराजीने मोडत नाही, हा धडा तेव्हा मिळाला.

अखेर डिसेंबर 2015 मध्ये सरकारने कोल्हापूरचा टोल कायमचा बंद करण्याची घोषणा केली. शहरात गुलाल उधळला गेला. ती घोषणा ऐकायला पानसरे मात्र नव्हते. 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि 20 फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले.

विजय खरा होता आणि त्याचा अभिमान बाळगावा असाच तो होता. पण गुलाल खाली बसल्यावर बिल कोणी भरले, तेही पाहू. कंपनीने रस्त्यांवर पैसे घातले होते, त्यावर व्याज चढले होते, आणि करार तिच्या हातात होता. त्यामुळे तिची भरपाई करणे भाग होते. 220 कोटींच्या कामापोटी सरकारी बाजूवर चारशे कोटींहून अधिक रकमेचे देणे आले. सरकारी तिजोरी म्हणजे तुमची-आमचीच. कोल्हापूरचे नाकेही न पाहिलेल्या गडचिरोलीच्या मजुराने साबण विकत घेताना भरलेला करही त्यात आहे. म्हणजे नाक्यावर द्यायचे पैसे वाचले आणि ते दुसऱ्या वाटेने गेलेच. सही होण्याआधी हजार लोकांनी चार प्रश्न विचारले असते तर हे सारे फार स्वस्तात मिटले असते, असे मला वाटते.

करारात फक्त पैशाचाच नव्हे, वेळेचाही हिशेब असतो. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आणण्याच्या योजनेचे काम 2014 मध्ये सुरू झाले. सुमारे 53 किलोमीटरची ती वाहिनी. तिचे पाणी शहरात पोहोचायला नोव्हेंबर 2023 उजाडले. मधल्या नऊ-दहा वर्षांत पंचगंगेला पूर आला की पंपिंग स्टेशन बुडायचे आणि पुराने वेढलेल्या शहरात प्यायला पाणी नाही अशी गत व्हायची. 2019 आणि 2021 मध्ये टँकरमागे घागरी घेऊन धावलेल्या बायकांना उशिराची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

यात आणखी एक गोष्ट घडून गेली. नोव्हेंबर 2020 मध्ये कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. 81 नगरसेवक नाहीत, 16 सदस्यांची स्थायी समिती नाही. एरवी मोठी निविदा स्थायी समितीपुढे येते, तिथे निदान कोणी विरोधक उठून विचारतो. त्या पाच वर्षांत तो विचारणारा आवाजच सभागृहात नव्हता. अशा वेळी नागरिकाने जास्त जागे राहायचे असते. आपण मात्र नगरसेवक नसल्याने दाखला कोणाकडून घ्यायचा, एवढ्याच काळजीत राहिलो.

आता आपल्या घरापुरते बोलू. सदर बाजार असो, यादवनगर असो की अकबर मोहल्ला, आपल्याकडची कामे कोट्यवधींची नसतात. गटर, चेंबर, पेव्हिंग ब्लॉक, समाजमंदिराची दुरुस्ती, कब्रस्तानची भिंत, अशी ती असतात. पण पद्धत तीच. आधी अभियंता अंदाजपत्रक करतो. मग निविदा निघते. ठेकेदार दर भरतात, त्यातून एकाची निवड होते. त्याला कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर मिळते. काम झाले की अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो आणि त्या नोंदीवर बिल निघते. बिल निघाले तरी ठेकेदार सुटत नाही. करारात ठरलेल्या मुदतीत काम बिघडले तर त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असते. याला दोष दायित्व कालावधी म्हणतात. तोपर्यंत त्याची अनामत रक्कम पालिकेकडे असते. 'अनामत' हा शब्द आपल्या 'अमानत'वरूनच मराठीत आला. पालिकेकडचा प्रत्येक रुपया आपली अमानत आहे, हे त्या शब्दानेच सांगून ठेवले आहे.

म्हणून गल्लीत काम निघाले की पाच गोष्टी विचारा. कामाचे नाव काय आणि ते कुठून कुठपर्यंत आहे? अंदाजपत्रकात जाडी, लांबी, सिमेंट-खडीचे प्रमाण काय लिहिले आहे? ठेका किती रुपयांना गेला? काम संपायची तारीख कोणती? आणि दोष दायित्व किती वर्षांचे?

उत्तर तोंडी मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहे. 2005 च्या या कायद्याखाली महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही लागत नाही. एका अर्जात एकच विषय घ्या आणि तो 150 शब्दांत बसवा, कारण राज्याच्या नियमात तसे आहे. पालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याने 30 दिवसांत उत्तर द्यायचे असते, नाही दिले तर प्रथम अपील करता येते. आणखी एक तरतूद बहुतेकांना ठाऊक नसते. या कायद्याने नागरिकाला कागदाच्या प्रतीच नव्हे, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क दिला आहे. रस्त्यात किती डांबर घातले, हे तुम्ही कायद्याने विचारू शकता.

या कामात घरातल्या बायकांना मागे ठेवू नका. दुपारी बारा वाजता पुरुष कामावर असतात. स्लॅबला पाणी मारले की नाही, खडीखाली माती तशीच दाबली का, हे खिडकीतून त्याच पाहतात. मोबाइलवर तारखेसह दोन फोटो काढून ठेवायला काही लागत नाही. कॉलेजात जाणारी मुलगी अर्ज लिहील, शेजारच्या दहा घरांच्या सह्या घेईल. गल्लीत कोणी कोणत्याही जातीचा, पक्षाचा असो, गटर सगळ्यांचे एकच असते, तेव्हा सह्याही सगळ्यांच्या हव्यात. आणि एक पथ्य पाळा. समोर घाम गाळणाऱ्या मजुराशी वाद घालू नका. प्रश्न त्याच्यासाठी नाही, ज्याने सही केली त्याच्यासाठी आहे.

यातून वैर वाढेल, नगरसेवक नाराज होईल, अशी भीती काहींना वाटते. दहा सह्यांचा शांत अर्ज आणि चौकात घातलेला वाद यांत फरक आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला असा अर्ज आधारच वाटतो. ठेकेदाराला तो सांगू शकतो की, बाबा, लोक बघत आहेत, जाडी कमी करून चालणार नाही.

टोल हटवायला कोल्हापूरला कित्येक वर्षांचा लढा द्यावा लागला. गल्लीतल्या गटाराला तेवढे लागत नाही. पुढच्या खेपेला जेसीबी दारात आला की चहा विचारा, आणि सोबत एवढेच विचारा : दोष दायित्व किती वर्षांचे आहे? उत्तर मिळाले की ते तारखेसह कॅलेंडरवर लिहून ठेवा. पावसाळा येईलच.