अँप कोण उचलणार?

गिटार तीन-चार किलोची असते. तिचा आवाज मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत नेणारा अँप मात्र वीस-पंचवीस किलोचा. गिटार पाठीवर अडकवून माणूस ऐटीत चालतो. दुसऱ्या हातात अँप आला की खांदा एका बाजूला झुकतो आणि ऐट तिथेच उतरते. त्यात तुम्ही सातपाटीचे, ऑर्डर बोईसरची किंवा विरारची, आणि टेम्पोचं भाडं काढलं तर हातात काही उरत नाही अशी बिदागी. मग गावातून रिक्षाने पालघर, स्टेशनचा जिना, लोकल, उतरल्यावर पुन्हा जिना, पुन्हा रिक्षा. कार्यक्रम संपला की हेच सगळं उलट. २०१३ मध्ये चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून वाजवणाऱ्यांना बरीच गावं जवळ झाली. पण डब्यातल्या गर्दीत अँपला जागा करून देणारा प्रवासी अजून जन्माला यायचाय.

गावातली नवी मुलं विचारतात, “दादा, बँडसाठी किती वॅटचा घेऊ?” मी उलट विचारतो, “उचलणार कोण?” प्रश्न चेष्टेचा वाटतो, पण अँपची निवड तिथूनच सुरू करावी असं माझं ठाम मत आहे.

अँपला जड करणाऱ्या गोष्टी तीन: ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचं चुंबक आणि लाकडी पेटी. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह असलेल्या अँपला लोखंडी गाभ्याचे दोन मोठे ट्रान्सफॉर्मर लागतात, एक विजेचा दाब चढवायला आणि दुसरा व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांचं जुळवून द्यायला. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बची सध्याची व्हॉल्व्हवाली आवृत्ती सुमारे २९ किलोची आहे. भाड्याच्या स्टेजवर अनेकदा भेटणारा रोलँडचा जॅझ कोरस १२० हा १९७५ पासूनचा अँप. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, तरी त्याचं वजन २८ किलो. बंदरावर बर्फ घातलेली माशाची जड पेटी दोघं मिळून धरतात. अँपला हात लावायच्या वेळी मात्र ड्रमर नेमका फोनवर असतो.

एवढे अवजड अँप बनलेच का, याचंही कारण आहे. १९६० च्या दशकात सभागृहातले लाउडस्पीकर जेमतेम गायकाचा आवाज पेलायचे. गिटारवाल्याला आपल्या जागेवरूनच सगळं सभागृह भरावं लागे. लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६५ च्या सुमारास ‘द हू’ या बँडसाठी १०० वॅटचे अँप आणि माणसाच्या उंचीचे स्पीकरचे मनोरे बांधले ते याच गरजेतून. आज साध्या हळदीलाही साउंडवाला स्पीकरची भिंत उभी करतो. लोकांपर्यंत आवाज नेण्याचं काम त्याच्याकडे गेलं. अँपकडे उरलेलं काम म्हणजे वाजवणाऱ्याला आणि शेजारच्या दोघा-तिघांना गिटार नीट ऐकू येणं. काम हलकं झालं, तर ओझं कशाला जुनंच वाहायचं?

ते हलकं करण्याची सोयही आता झाली आहे. क्लास डी प्रकारच्या अँपमधले ट्रान्झिस्टर अतिशय वेगाने चालू-बंद होतात, त्यामुळे ते कमी तापतात आणि त्यांना थंड ठेवणारे ॲल्युमिनियमचे ठोकळे लहान होतात. एसएमपीएस या नव्या प्रकारच्या वीजपुरवठ्यात लोखंडी ट्रान्सफॉर्मरची जागा मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर घेतो. १९८२ मध्ये अमेरिका आणि जपानमधल्या संशोधकांनी वेगवेगळं शोधलेलं निओडिमियमचं चुंबक स्पीकरचं वजन खूपच खाली आणतं. फेंडरने २०१९ मध्ये टोन मास्टर मालिका काढली, त्यात हे सगळं एकत्र आलं. त्यातला ट्विन १५ किलोचा आणि डीलक्स रिव्हर्ब साडेदहा किलोचा. व्हॉल्व्हवाला डीलक्स १९ किलोचा आहे. डोळे बांधून ऐकवलं तर फरक ओळखता येतो की नाही यावर गिटारवाले रात्रभर भांडू शकतात. हळदीला आलेल्या पाहुण्याला मात्र तो कळणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

आता वॅट. १०० वॅटचा अँप ५० वॅटच्या दुप्पट मोठा वाजतो, हा गैरसमज दुकानदारांच्या सोयीचा आहे. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो तो आकडा, ९७ ऐवजी १०० डेसिबल असेल, तर वॅट दुप्पट केल्याचा लाभ एक रुपयाची वीज न वाढवता मिळतो. हा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात असतो आणि तो कुणी वाचत नाही. मात्र एक सावधगिरी हवी. व्हॉल्व्हचा अँप ताणला की गोड फाटतो, ट्रान्झिस्टरचा ताणला की नुसताच फाटतो. म्हणून बिनव्हॉल्व्हच्या अँपमध्ये थोडे वॅट हाताशी जास्त असावेत. फेंडरनेही २२ वॅटच्या डीलक्सची बरोबरी करायला टोन मास्टरमध्ये १०० वॅट घातलेत, ते त्यासाठीच.

मग नेमका किती वॅटचा घ्यायचा? ते शेजारी कोण वाजवतो यावर ठरतं. आमच्याकडच्या हळदीच्या बँडमध्ये कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी असते, आणि सगळं साउंडवाल्याच्या मिक्सरमधून जातं. ऑक्टोपॅडचा आवाज बटणाने कमी होतो, म्हणून तिथे २०-३० वॅटही पुरतात. पालघर-बोईसरची कॉलेजची पोरं खरा ड्रमसेट घेऊन रॉक वाजवतात. काठीने बडवलेल्या स्नेअर ड्रमला बटण नसतं. तिथे ५० वॅट आणि १२ इंची स्पीकर याखाली उतरू नका. आठ इंची स्पीकर घरी छान वाटतो, पण बँडमध्ये डब्यातून वाजल्यासारखा ऐकू येतो. आणि ताशा-बेंजोच्या वरातीत स्वतःचा अँप नेऊच नका. टेम्पोवरच्या मिक्सरमध्ये प्रोसेसरची, म्हणजे अँपच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या पेटीची, वायर खुपसा आणि मोकळ्या हाताने चाला.

मग सगळीकडेच प्रोसेसर का नको, असं कुणीही विचारेल. तो तर दोन-तीन किलोचाच. स्वतःचा आवाज ऐकवणारा चांगला मॉनिटर स्पीकर आणि कान असलेला साउंडवाला मिळाला, तर जरूर तोच न्या. पण आपल्याकडच्या मांडवात मॉनिटर गायकाच्या पायाशी असतो आणि साउंडवाल्याचं लक्ष जेवणाच्या पंगतीकडे. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की गिटारवाला जोरात वाजवतो आणि सूर-ताल दोन्ही सोडतो. छोटा अँप ही त्याची हक्काची खिडकी आहे, ती सोडू नये.

हलक्या अँपचा आणखी एक फायदा कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. तो खुर्चीवर ठेवता येतो. जमिनीवरचा अँप गुडघ्यांना ऐकवतो आणि खर्जाचा नुसता गुरगुराट करतो. तोच कंबरेएवढ्या उंचीवर, किंचित वर तोंड करून ठेवला की कमी आवाजातही स्वच्छ ऐकू येतो. उघड्या पाठीचा अँप असेल तर एक लक्षात ठेवा: त्याचा अर्धा आवाज मागच्या भिंतीवरून परततो. किनाऱ्यावरच्या मांडवात मागे भिंत नसते, कापड असतं. तिथे बंद पाठीचा अँप जास्त भरीव वाजतो.

विजेचं तर विचारूच नका. शेजारी तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज बनवतंय, तरी मांडवात जनरेटर लागतोच, आणि त्याचा दाब खाली-वर होतो. अँपच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल, तर तो असे हेलकावे सहन करतो. फक्त २३० लिहिलेलं असेल, तर चांगला स्टॅबिलायझर ठेवा. माइकला ओठ लागताच झटका बसतो, तो बहुधा अँप आणि साउंड सिस्टीम वेगवेगळ्या अर्थिंगवर असल्यामुळे. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, आणि तिसरी पिन कापून टाकणाऱ्याला अँपला हात लावू देऊ नका. आमच्या खाऱ्या हवेत जॅकची भोकं हिरवी पडतात, तेव्हा जाड कव्हर आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा हा खर्चही धरूनच चाला.

आणि कायदाही मोठ्या अँपच्या बाजूचा नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवावे लागतात. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्या १५ दिवसांत तुमच्या चुलतभावाची हळद बसेलच असं नाही.

माझा निवाडा असा. लोकलने फिरणाऱ्या गिटारवाल्याने १२ किलोची मर्यादा घालून घ्यावी. त्यात १२ इंची स्पीकर, ५० वॅटच्या आसपास ताकद आणि साउंडवाल्याला द्यायला लाइन आउट, एवढं बसवावं. बॉसचा काटाना ५० साडेअकरा-बारा किलोत या चौकटीत बसतो. ऐपत असेल तर टोन मास्टर डीलक्स त्याहून हलका आणि जास्त रुबाबदार. व्हॉल्व्हचा मोठा अँप ज्याच्या घरी चारचाकी आहे त्याने खुशाल घ्यावा. खरेदीला मरीन लाइन्सला उतरून धोबीतलावला जाल, तेव्हा स्वतःची गिटार न्या, बँडमध्ये वाजवता तेवढ्या आवाजात वाजवून बघा. पसंत पडला, तर पैसे देण्याआधी तो एका हातात धरून दुकानाचा जिना एकदा चढून-उतरून या. दम लागला, तर दुसरा दाखवा म्हणून सांगा.