क्यूआर कोड : सोय की सक्ती?

हावडा-मुंबई लोहमार्गावर, गोंदियाच्या पूर्वेस, छत्तीसगडच्या सीमेलगत दरेकसा हे छोटेसे स्थानक आहे. एरवी येथे फारशी वर्दळ नसते. परंतु माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या गुहेकडे निघालेले गोंड भाविक महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून येथे येतात आणि हा डोंगराळ मुलूख माणसांनी फुलून जातो. अशा यात्रेत चहा विकणाऱ्याच्या दृष्टीने सुट्या पैशांची अडचण केवढी असते, हे शहरातल्या माणसास सहसा कळत नाही. २०१६ साली यूपीआय ही व्यवस्था सुरू झाली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि पुढील काही वर्षांत काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी टपऱ्या-टपऱ्यांवर दिसू लागली. तिने लहान विक्रेत्याची खरोखर सोय केली, हे प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

या नक्षीचा इतिहासही उद्बोधक आहे. जपानमधील मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ती सिद्ध केली. हेतू साधा होता : कारखान्यातील सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी. कंपनीने पेटंट घेतले. पण प्रमाणित स्वरूपाच्या कोडवर तो हक्क बजावणार नाही, असे जाहीर केले. २००० साली त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. एखादी युक्ती कुंपणात न कोंडता सर्वांस मोकळी ठेवली, तर ती जगभर कशी पसरते, याचे हे ठळक उदाहरण होय. आज गावातला कोणीही तरुण एक पैसाही न देता असा कोड तयार करून साध्या कागदावर छापू शकतो.

तथापि तो कसा तयार करावा, याचा विचार क्वचितच होतो. कोडमध्ये दोन प्रकारचा मजकूर ठेवता येतो. एक म्हणजे संकेतस्थळाचा नुसता पत्ता. तो उघडावयास नेटवर्क लागते. दुसरा म्हणजे प्रत्यक्ष मजकूरच. पाणी कोठे मिळेल, प्रथमोपचार कोठे आहे, कोणत्या क्रमांकावर फोन करावा. हा मजकूर त्या ठिपक्यांतच साठलेला असल्यामुळे नेटवर्क नसतानाही वाचता येतो. डोंगराच्या कुशीतील गावास दुसरा प्रकार अधिक उपयोगाचा, हे उघड आहे. सर्वांत भक्कम प्रतीचा कोड सुमारे तीस टक्के खराब झाला तरी वाचला जातो. धूळ आणि पावसाच्या जागी तोच वापरावा. अर्थात त्याला मर्यादा आहे. जपानी लिपीसाठी या रचनेत स्वतंत्र सोय आहे. देवनागरीसाठी ती नाही. आपले प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही वेगळी धरून, तीन बाइट खाते. त्यामुळे भक्कम प्रतीच्या मोठ्यात मोठ्या कोडमध्येही मराठीची चारशेच्या आसपासच चिन्हे मावतात. मजकूर जेवढा थोडा, तेवढे ठिपके ठळक आणि वाचन सुलभ.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने पाठ्यपुस्तकांना कोड जोडण्याचा प्रयोग केला आणि पुढे राज्याने तो उचलला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या प्रयोगाचा खरा धडा असा की, कोड पुस्तकाला जोडला गेला. पुस्तक काढून त्याच्या जागी बसविला गेला नाही. ज्याच्या घरी फोन नव्हता, त्या मुलाच्या हाती छापील पान राहिलेच.

नेमका हाच विवेक सार्वजनिक व्यवहारात सुटण्याची भीती आहे. स्थानकावर कोड वाचून अनारक्षित तिकीट काढता येते म्हणून खिडकी बंद करावी, फलकावर कोड आहे म्हणून सूचना लिहू नये, फोनवरून पैसे घेता येतात म्हणून नोट नाकारावी, असा युक्तिवाद सुरू झाला की सोयीची सक्ती होते. डोंगरातून पायी आलेल्या वृद्ध गोंड स्त्रीजवळ नोट असते, फोन नसतो. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ ने त्या नोटेस देशभर कायदेशीर चलन मानले आहे. तिने ती परत न्यावी काय?

शिवाय हा कोड माणसाच्या डोळ्यांना वाचता येत नाही. निरक्षर आणि पदवीधर यांना तो सारखाच मुका. म्हणूनच खऱ्या कोडवर दुसरा चिकटवून पैसे लाटण्याचे प्रकार घडतात. पैसे देण्यापूर्वी पडद्यावरील नाव पाहावे. आणि पैसे घेण्यासाठी कोड वाचण्याची वा पिन देण्याची गरज कधीच नसते, हे प्रत्येक विक्रेत्यास समजावून सांगितले पाहिजे.

मागणी अवास्तव नाही. प्रत्येक सार्वजनिक कोडखाली तोच मजकूर मराठीत, आणि गोंडी भाषकांच्या गावी गोंडीतही, ठळक अक्षरांत असावा. प्रत्येक खिडकीवर रोख रक्कम घेतली जावी. मोफत मिळालेल्या तंत्राची किंमत ज्यांच्याजवळ काहीच नाही त्यांच्याकडून वसूल होऊ नये, एवढेच मागणे आहे. दरेकशाच्या फलाटावर उतरणाऱ्या शेवटच्या माणसास वाट सापडली, तरच हे तंत्र लोकांचे झाले असे म्हणता येईल.