न वाचण्याची चूक : विक्रेत्याला माफ, ग्राहकाला महाग

१९९७ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ‘कोस्टा मेसा डेली पायलट’ या वृत्तपत्रात एका मोटारविक्रेत्याची जाहिरात प्रसिद्ध झाली. १९९५ सालची, वापरलेली जॅग्वार मोटार २५,९९५ डॉलरला विक्रीस आहे, असे तीत म्हटले होते. एका वाचकाने ती जाहिरात पाहिली. दुसऱ्या दिवशी पत्नीसह तो विक्रेत्याकडे गेला, मोटार चालवून पाहिली आणि छापील किमतीला ती घेण्याची तयारी त्याने दर्शविली. तेव्हा त्याला सांगण्यात आले की, किंमत चुकीची छापली गेली आहे. खरी किंमत ३७,९९५ डॉलर आहे. प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला, अपील न्यायालयाने तो फिरवून ग्राहकाला न्याय दिला, आणि २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा विक्रेत्याच्याच पदरात माप टाकले.

एका वापरलेल्या मोटारीचा हा तंटा वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु जाहिरात देणारा आणि जाहिरात वाचणारा या दोघांपैकी कोणाच्या चुकीची किंमत कोणी मोजावयाची, या प्रश्नाला आजच्या व्यापारी जगाने दिलेले उत्तर या निकालात लख्ख दिसते. म्हणून तो बारकाईने तपासला पाहिजे.

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात एक तरतूद आहे. विक्रेत्याने एखाद्या वाहनाची जी एकूण किंमत जाहीर केली असेल, त्या किमतीला ते वाहन विकण्यास नकार देणे हा कायदेभंग होय. मात्र वाहन तोवर विकले गेलेले नसावे, आणि जाहिरातीत मुदत घातली असल्यास ती टळलेली नसावी. या तरतुदीच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की ही जाहिरात म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रस्ताव होता आणि ग्राहकाने तो स्वीकारताच करार पूर्ण झाला. इतके सारे ग्राहकाच्या पदरात घातल्यावर न्यायालयाने दुसऱ्या हाताने ते काढून घेतले. चूक वृत्तपत्राच्या छपाईतील होती, विक्रेत्याचा हेतू दुष्ट नव्हता, किमतीत ३२ टक्क्यांचा फरक पडत होता आणि विक्रेत्याने स्वतः मोजलेल्या किमतीपेक्षाही सुमारे ९,००० डॉलर कमी पडत होते. सबब असा करार त्याच्यावर लादणे अन्यायाचे होईल, असे न्यायालयाने ठरविले आणि करार रद्द केला.

यातील कळीचा मुद्दा असा की, जाहिरातीचे मुद्रित विक्रेत्याने छपाईपूर्वी तपासलेच नव्हते. ते तपासले असते तर चूक तेथल्या तेथे दुरुस्त झाली असती. न्यायालयानेही हा निष्काळजीपणा नाकारला नाही. परंतु तो साधा निष्काळजीपणा आहे, आणि साध्या निष्काळजीपणामुळे चुकीचा बचाव हिरावला जात नाही, असा निर्वाळा दिला. थोडक्यात, विक्रेत्याने आपलीच जाहिरात वाचली नाही, आणि त्याबद्दल त्याला क्षमा करण्यात आली.

आता या क्षमाशील न्यायाशेजारी दुसरा एक निकाल ठेवून पाहावा. १९३४ साली इंग्लंडमध्ये, वेल्समधील लॅण्डुडनो येथे कॅफे चालविणाऱ्या एका स्त्रीचे प्रकरण न्यायालयासमोर आले. तिने सिगारेट विकण्याचे स्वयंचलित यंत्र एका कंपनीकडून हप्त्याने घेतले होते. यंत्र नीट चालेना. तिने दाद मागितली तेव्हा कंपनीने तिची सही असलेला कागद पुढे केला. तपकिरी कागदावर बारीक अक्षरांत छापलेल्या अटींमध्ये कंपनीने यंत्राच्या गुणवत्तेची सारी जबाबदारी झटकली होती. तिने त्या अटी वाचल्या नव्हत्या. न्यायालयाने सांगितले की, फसवणूक वा दिशाभूल झालेली नसेल तर सही करणारा बांधील. त्याने वाचले की नाही हा प्रश्न गैरलागू आहे. हा नियम तेथेच थांबला नाही. बँकेच्या कर्जरोख्यावर, विम्याच्या अर्जावर, मोटारीच्या हप्त्यांच्या करारावर सही करणारा जगभरचा सामान्य माणूस आजही याच नियमाखाली भरडला जातो.

तात्पर्य, कॅफेवाली बाई वाचीत नाही तेव्हा ती बांधील. मोटारविक्रेता वाचीत नाही तेव्हा तो मुक्त! हे दोन निकाल दोन देशांतले व दोन काळांतले असतील, आणि कायद्याच्या पुस्तकात त्यांची प्रकरणेही निराळी असतील. परंतु व्यवहारात ते एकाच बाजारावर एकाच वेळी राज्य करतात. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण व्यापारी कायद्याने इतकी मनावर घेतली असेल, अशी कल्पना ती रचणाऱ्यालाही नसेल.

या व्यवस्थेचे समर्थक तीन युक्तिवाद करतात. पहिला युक्तिवाद असा की, जाहिरात हा मुळी प्रस्तावच नसतो. ते केवळ प्रस्तावाचे निमंत्रण असते. दुकानदार किंमत दाखवितो, गिऱ्हाईक ‘घेतो’ म्हणते तेव्हा प्रस्ताव जन्मास येतो, आणि तो स्वीकारावा की नाही हे दुकानदार ठरवितो. १९५३ साली इंग्लंडमधील औषधाच्या दुकानाच्या खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट झाले आणि भारतातील न्यायालयेही ही भेदरेषा मानतात. यामागचे कारण असे सांगितले जाते की, दुकानात दहा नग असताना शंभर माणसे आली तर नव्वद जणांशी करारभंग होईल. हे कारण शंभर पोत्यांच्या वा हजार साड्यांच्या बाबतीत समजण्यासारखे आहे. परंतु वापरलेली मोटार ही एकच असते. तिला तिचा क्रमांक असतो, तिचे वय असते, तिच्या अंगावरचे ओरखडेसुद्धा तिचे एकटीचे असतात. ती विकली गेली की प्रश्न मिटला, न विकली गेली तर देण्यास अडचण कोणती? शिवाय हे तत्त्व न्यायालयांनीही वेदवाक्य मानलेले नाही. १८९३ साली एका औषधी कंपनीने जाहिरातीत १०० पौंडांचे बक्षीस कबूल केले व मागाहून ‘ती केवळ जाहिरात होती’ असा कांगावा केला. न्यायालयाने पैसे द्यावयास लावले. १९५७ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका दुकानाने पहिल्या गिऱ्हाइकाला एका डॉलरात फरचा गळपट्टा देण्याची जाहिरात केली आणि तो दारात येताच ‘हे फक्त स्त्रियांसाठी’ असे सांगितले. न्यायालयाने दुकानालाच दोषी धरले. शब्द निश्चित असतील, वस्तू निश्चित असेल, किंमत निश्चित असेल, तर जाहिरात बांधते, हाच त्याचा अर्थ.

दुसरा युक्तिवाद नीतीचा आव आणून केला जातो. दुसऱ्याच्या चुकीचा फायदा उपटणारा ग्राहक काय सभ्य म्हणावा? या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. २००३ साली सिंगापूरमध्ये एका विक्रेत्याकडून ३,८५४ डॉलरच्या छपाईयंत्राची किंमत ६६ डॉलर अशी जाहीर झाली. सहा जणांनी मिळून १,६०० हून अधिक यंत्रे मागविली. त्यांना चूक कळली होती, म्हणूनच त्यांनी इतकी मागणी नोंदविली. तेथील न्यायालयांनी त्यांचा दावा फेटाळला, हे योग्यच झाले. डोळ्यांना दिसणारी चूक पकडून लूट करणे हा ग्राहकाचा हक्क होऊ शकत नाही. परंतु हीच कसोटी कॅलिफोर्नियाच्या प्रकरणाला लावली तर काय दिसते? वापरलेल्या मोटारीची किंमत तिच्या अवस्थेप्रमाणे खालीवर होते. २५,९९५ हा आकडा किफायतशीर वाटेल, पण अशक्य वाटणार नाही. ग्राहकाला चुकीची जाणीव होती असे तेथे सिद्ध झाले नाही. त्याने एकच मोटार मागितली आणि छापील किंमत देऊ केली. त्याला सिंगापूरच्या सट्टेबाजांच्या पंक्तीला बसविणे हा शुद्ध अन्याय होय. रेषा येथेच आखली पाहिजे : सामान्य माणसाच्या सहज लक्षात यावी अशी चूक विक्रेत्याला सोडवील, विश्वास बसावा अशी किंमत त्याला बांधील.

तिसरा युक्तिवाद अर्थशास्त्राचा म्हणून मांडला जातो : एका अक्षराच्या चुकीपायी विक्रेत्याने हजारो डॉलरचा फटका का सोसावा? अर्थशास्त्राला प्रश्न विचारावयाचा तर तो असा विचारला पाहिजे की, ही चूक कमीत कमी खर्चात टाळणे कोणाला शक्य होते? मुद्रित तपासावयाला काही मिनिटे लागतात. ती मिनिटे विक्रेत्याच्या हातात होती, ग्राहकाच्या नव्हे. चूक वृत्तपत्राची असेल तर त्याच्याकडून भरपाई मागण्याचा मार्ग विक्रेत्याला मोकळा आहे. ग्राहकाचा त्या वृत्तपत्राशी करारच नाही. शेकडो मोटारी विकणाऱ्याला एका मोटारीवरील तोटा अनेक व्यवहारांवर वाटता येतो. आयुष्यात दोनचार वेळा वाहन घेणाऱ्याला आपली फसगत कोणावर वाटता येणार? आणि ज्या चुकीची शिक्षा होत नाही ती चूक कमी होत नाही, हे सांगावयास तर अर्थशास्त्राचीही गरज नाही. चुकीच्या किमतीने दारात आलेल्या गिऱ्हाइकांपैकी काही जण दुसरी मोटार घेऊन जातात. म्हणजे चुकीचाही नफा विक्रेत्याचाच.

येथे बाजारवाद्यांची विसंगती उघडी पडते. सरकारने किमतीवर नियंत्रण आणण्याची भाषा केली की हीच मंडळी सांगू लागतात : किंमत हा बाजाराचा पवित्र संकेत आहे, त्यावरूनच ग्राहक आणि उत्पादक आपापले निर्णय घेतात, त्याला हात लावाल तर अनर्थ होईल. मग जो संकेत इतका पवित्र, तो देणाऱ्याने पाळावा की नाही? ज्याच्यावर विसंबून माणूस प्रवास करतो, दुसरा सौदा सोडून देतो, तो आकडा सोयीनुसार मागे घेता येत असेल तर तो संकेत कसला?

भारतातील चित्र तर अधिक शोचनीय आहे. येथे बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि त्याहून एक रुपया अधिक घेणे हा गुन्हा ठरतो. पण दहा लाखांच्या मोटारीच्या जाहिरातीतील आकडा कोणालाही बांधीत नाही. शोरूममधील किंमत वेगळी, रस्त्यावर येईपर्यंतची वेगळी, आणि तारांकित अटी अशा अक्षरांत की त्या वाचण्यासाठी भिंग लागावे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २२ म्हणते की, केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीविषयी चूक झाली म्हणून करार रद्द करता येत नाही. कागदावर हे कलम दोघांना सारखे लागू आहे. परंतु जाहिरात प्रस्तावच नसल्याने छापील किमतीच्या चुकीपायी विक्रेता या कलमापर्यंत पोहोचतच नाही. सही करून बसलेला ग्राहक तेवढा त्याच्या तावडीत सापडतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना दंड आहे, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आमिष दाखविणाऱ्या जाहिरातींवर बंधने आहेत. हे स्वागतार्हच आहे. पण स्वस्ताईची जाहिरात करून त्या भावाने माल न देण्याबाबतची तरतूद विक्रेत्याच्या हेतूभोवती फिरते. ‘चूक झाली’ हे दोन शब्द उच्चारले की हेतू सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकाच्या माथी येते.

जॅग्वार घेणारा कॅलिफोर्नियाचा गृहस्थ काही कष्टकरी नव्हे, त्याचा कैवार समाजवाद्यांनी का घ्यावा, असे कोणी विचारील. प्रश्न त्याचा नाहीच. जो नियम त्याला लागतो तोच नियम जुना टेंपो घेऊन पोट भरू पाहणाऱ्या तरुणाला, वापरलेली रिक्षा शोधणाऱ्या चालकाला, जुन्या ट्रॅक्टरची जाहिरात वाचून तालुक्याहून जिल्ह्याला येणाऱ्या शेतकऱ्याला लागतो. जॅग्वारवाल्याचा एक दिवस गेला, आणि विक्रेत्याने त्याला इंधन व वेळ यांची भरपाई देऊ केली होती. त्या शेतकऱ्याचा रोज बुडतो, एसटीचे भाडे जाते, आणि त्याला चहासुद्धा कोणी विचारीत नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. विशिष्ट वाहनाची जाहीर केलेली एकूण किंमत, ते वाहन विकले जाईपर्यंत वा जाहिरातीतील मुदत संपेपर्यंत, विक्रेत्यावर बंधनकारक करणारा कायदा भारतात व्हावा. त्या किमतीत कर, नोंदणी आणि सर्व आकार धरलेले असावेत. चूक सामान्य माणसाला दिसण्याजोगी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असावी. ती सिद्ध झाली तरी ग्राहकाचा प्रवासखर्च व बुडालेला रोज त्याने द्यावा आणि दुरुस्ती त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. यात कोणत्याही प्रामाणिक व्यापाऱ्याला भिण्यासारखे काही नाही. त्याला फक्त आपली जाहिरात छापण्यापूर्वी एकदा वाचावी लागेल. सही करण्यापूर्वी वाचीत जा, असा उपदेश व्यापारी जग सामान्य माणसाला आजवर करीत आले आहे. आता तो त्याने स्वतः आचरणात आणावा.