बचतीचा डगला

मध्यमवर्गीय माणसाला हौस करायची असली, की आधी तिला बचतीचा डगला चढवावा लागतो. नुसत्या हौसेला आमच्या घरात प्रवेश नाही. फ्रिज आला तो ‘दूध नासून वाया जातं’ म्हणून, कुकर ‘रॉकेल वाचतं’ म्हणून आणि स्कूटर ‘रिक्षाचे पैसे वाचतात’ म्हणून. जन्मभर एवढं वाचवूनही शिल्लक काही राहिली कशी नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

हा रोग समुद्र ओलांडतो, हे पेनसिल्व्हेनियात चिरंजीवांकडे गेल्यावर कळलं. त्यांनी १९७८ सालचा एकटनी ट्रक घेतलाय. कारण? ‘जळणाची लाकडं घरपोच आणवायला पैसे पडतात, ते वाचतील.’ मागं जोडचाकं, गिअर चार. पहिल्या गिअरला तिकडे ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई म्हणतात. इंजिनाच्या साडेसहा फेऱ्या होतात तेव्हा मागं जाणाऱ्या शाफ्टची एक होते. आजीबाई गोगलगायीसारख्या चालतात, पण टनभर लाकडं घेऊन घाट चढतील. चौथ्यात मात्र इंजिन आणि शाफ्ट बरोबरीनं फिरतात आणि ताशी साठ मैलांना इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारत बोंबलतं.

“बाबा, ओव्हरड्राइव्हचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकतोय. पेट्रोल वाचेल.”

झालं! डगला आला.

जनरल मोटर्सनं जड गाड्यांसाठी १९९१ साली काढलेला हा गिअरबॉक्स. चौथ्या गिअरला इंजिन पाऊण फेरी फिरतं आणि शाफ्ट एक पुरी. तीन हजारांचे सव्वादोन हजार. इथवर मला मान्य. पण हा नवरदेव एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. गिअर बदलायचे ते विजेच्या हुकमावर, म्हणून कंट्रोलर. तेल तापतं, म्हणून कूलर. लांबी जुळत नाही, म्हणून शाफ्ट नव्या मापाचा करायचा आणि खालची आधाराची पट्टी सरकवायची. शिवाय क्लचच्या पेडलची पाठवणी. मानपानासकट पाच हजार डॉलर!

मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. वर्षाला दोन हजार मैल. गॅलनला नऊ मैलांचे अकरा झाले, तर वाचले चाळीस गॅलन. साडेतीन डॉलरनं एकशेचाळीस. पाच हजार वसूल व्हायला छत्तीस वर्षं! तोवर ट्रकनं ऐंशी ओलांडलेली असेल. माझं तर बोलायलाच नको.

बरं, ओव्हरड्राइव्ह ओझ्यासाठी नव्हेच. भरल्या ट्रकानं चढ लागला की तो बंद करायचा. आणि उतारावर? तिथं ब्रेक तापू न देता गाडी अडवून धरते ती आजीबाईच. नव्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर जेमतेम अडीच पटीचा. म्हणजे ज्या लाकडांसाठी ट्रक घेतला, तीच आणताना हा पाहुणा कमी उपयोगाचा. रिकाम्या सपाट रस्त्यावर मात्र राजा.

“मग खरं कारण काय?” मी विचारलं.

“आवाज, बाबा. डोकं उठतं. गावाकडच्या रस्त्यानं निवांत, गप्पा मारत जावंसं वाटतं.”

“मग तसं सांगायचं!”

“तुम्ही हो म्हणाला असता?”

माझं इंजिन एकदम बंद पडलं. सातवीत असताना त्यानं माउथ ऑर्गन मागितला होता. मी विचारलं होतं, “त्यानं काय वाचणार आहे?” पोरानं पुन्हा काही मागितलं नाही. पुढं मागितलं ते नेहमी हिशेब जोडून.

तेव्हा माझं भांडण गिअरबॉक्सशी नाही. खुशाल बसवा. भांडण आहे ते त्या डगल्याशी. ‘पेट्रोल वाचतं’ म्हणून बसवाल, तर पंपावर प्रत्येक वेळी तोंड कडू होईल, आणि उतारावर काय गमावलं याचा विचारही सुचणार नाही. ‘मला हवा आहे’ म्हणून बसवाल, तर काय देऊन काय घेतलं हे तरी लक्षात राहील. उतारावर आधीच वेग आवराल आणि सपाटीवर सुखानं गप्पा माराल. हौस खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो हिशेब.

निघताना मी चिरंजीवांच्या हातावर शंभर डॉलर ठेवले आणि माझ्या जमाखर्चाच्या वहीत लिहिलं: ‘हौस – १००’. पन्नास वर्षांत तो शब्द तिथं प्रथमच आला.

रात्री सौभाग्यवतींनी वही उघडली, चष्मा नीट केला आणि विचारलं,

“अहो, यात वाचलं काय?”