तितिक्षा आणि पायगाडी

सायकलीस ‘पायगाडी’ म्हणणारे आता आमच्यासारखे थोडेच उरले आहेत. शब्द मागे पडला, वाहन मात्र मागे पडले नाही. उलट ज्या घरांच्या दारांत मोटारी उभ्या आहेत, त्याच घरांतील मुलेमुली हल्ली पहाटे चारला उठून, डोक्यास शिरस्त्राण बांधून, दहा-बारांच्या मेळ्याने शंभर-दोनशे किलोमीटरांची मजल मारू लागली आहेत. ह्यावर घरांतील वडील मंडळींचे दोन पक्ष पडतात. ‘हे नसते धाडस कशाला?’ म्हणून एक पक्ष कपाळास आठ्या घालतो. ‘सोसू दे थोडे, अंग कणखर होईल,’ म्हणून दुसरा कौतुक करतो. पहिल्या पक्षाशी आज आमचे भांडण नाही. दुसऱ्याच्या ‘सोसू दे’ ह्या दोन शब्दांविषयी मात्र थोडे लिहिणे अवश्य वाटते. कारण भिजून गारठलेल्या मनुष्याच्या बाबतीत सोसणे कशास म्हणावे, हे न उमगल्यास गोष्ट प्राणांवर बेतते.

सोसण्यास संस्कृतात ‘तितिक्षा’ असा सुंदर शब्द आहे. शमदमादि षट्संपत्तीत वेदान्ताने तिची गणना केली आहे, आणि शीत-उष्ण ही येणारी-जाणारी असल्यामुळे ती सहन करावीत, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील उपदेश तर आपल्या घराघरांतून परिचित आहे. परंपरेने आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेची जी व्याख्या आहे, तीत दोन अटी घातल्या आहेत : दुःखावर उपाय शोधू नये, आणि त्याविषयी चिंता वा विलाप करू नये. मुमुक्षूस ही व्याख्या शोभून दिसते. परंतु थंड पावसात घाट उतरणाऱ्या स्वारास ती जशीच्या तशी लागू केली तर काय होते, हे आम्ही आमच्या पडवीत पाहिले आहे. ते सांगण्यापूर्वी वाचकांस घाटाची थोडी ओळख करून देतो.

भोराहून महाडास येणारा रस्ता प्रथम नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वळणे घेत चढतो. हा चढ लांबलचक असला तरी सौम्य आहे. कावळ्या किल्ल्याच्या डोंगरास छेदून रस्ता खिंडीत येतो; तेथेच वाघजाईचे स्थान आहे. तेथून पुढे मात्र तो एकाएकी कोकणात कोसळतो, आणि माझेरीवरून आमच्या वरंध गावास व पुढे बिरवाडीस येतो. समर्थांची शिवथरघळ येथून जवळच आहे. महाड-पोलादपूरच्या ह्या टापूत वर्षास सुमारे तीन हजार मिलिमीटर व काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. अलीकडे भर पावसाळ्यात दरडींच्या भयाने हा घाट सरकारी आदेशाने बंद ठेवतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, हे ज्यांच्या ध्यानात आहे ते ह्या आदेशास कुरकुर करणार नाहीत. बंद घाटात अडथळ्याखालून सायकली सरकवणाऱ्यांची हौस आम्हांस कौतुकास्पद वाटत नाही. तिचा विचार येथे कर्तव्य नाही.

आमची गोष्ट आश्विनातील, घाट खुला असतानाची. दोन वर्षांपूर्वी परतीचा पाऊस ऐन दुपारी वाऱ्यासह कोसळला. चारच्या सुमारास नऊ सायकलस्वार आमच्या पडवीत आश्रयास आले : पाच तरुण, तीन तरुणी, आणि सर्वांची म्होरकी अशी एक पन्नाशीची बाई. पहाटे पुण्याहून निघालेली मंडळी. महाडास मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पोलादपुरावरून आंबेनळी घाट चढावयाचा, असा त्यांचा बेत होता. पडवीत एकच कोलाहल झाला. कोणी पावसास, कोणी रस्त्यास, तर कोणी पुढच्या चाकाने तोंडावर उडवलेल्या चिखलास नावे ठेवीत होता. मोजे पिळले की पागोळ्यांसारखे पाणी गळे. दात कडकडा वाजत होते. आणि तरीही हसणे चालले होते.

आठजण बोलत होते. नववा पायरीवर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत होता.

‘तुला काय देऊ रे बाळ?’ असे आमच्या सौभाग्यवतींनी त्यास विचारले. ‘काही नको, काकू. बरा आहे मी,’ एवढेच तो म्हणाला. पण जीभ जड झाल्यासारखे शब्द लोळत आले. सोबत्यांपैकी एकाने अभिमानाने सांगितले, ‘तो तसाच आहे, काकू. कधी तक्रार म्हणून करायचा नाही.’ सौभाग्यवतींचे लक्ष तोवर त्याच्या हातांकडे गेले होते. हनुवटीखालचा पट्टा तो सोडवू पाहत होता आणि बोटे पुनःपुन्हा चुकत होती. बाकीचे सारे थडथडत असता ह्याच्या अंगास कापरे नव्हते.

म्होरक्या बाई शहाण्या होत्या. त्यांनी एका दृष्टिक्षेपात काय ते ओळखले. मुलाचे ओले कपडे उतरवून त्यास कोरडे धोतर नेसवले, दोन घोंगड्यांत गुंडाळले, डोके व कान बांधले आणि वारा लागणार नाही असे माजघरात नेऊन निजवले. आम्ही ओळखीच्या एका डॉक्टरांस फोन केला. हातपाय चोळू नका, मद्याचा थेंब देऊ नका, शुद्धीवर असून नीट गिळत असेल तर गरम व गोड पेय घोटघोट द्या, आणि अर्ध्या तासात फरक न पडल्यास रुग्णालयात हलवा, असे त्यांनी बजावले. गूळ-आल्याचा काढा पोटात गेल्यावर वीसेक मिनिटांनी मुलास जबर कापरे सुटले. घरातली मंडळी घाबरली. डॉक्टर म्हणाले, हीच चांगली खूण. पुढे तासाभराने तो उठून बसला आणि म्हणाला, ‘माझेरीच्या अलीकडची वळणे मला आठवतच नाहीत.’ जो रस्ता त्यास आठवत नव्हता, त्या रस्त्याने तो दोन चाकांवर, दरीच्या कडेने उतरला होता.

ह्यातील कार्यकारणभाव प्रत्येक घरात ठाऊक असावा. मनुष्यदेहाची अंतरीची उष्णता सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ती उतरू लागली की देह प्रथम कापरे भरवून स्वतःच उष्णता उत्पन्न करतो. ३५ अंशांखाली गेल्यास वैद्यकशास्त्र त्यास आजार समजते. आणि ३२ अंशांच्या आसपास कापरे थांबत जाते, बोटे वळेनाशी होतात, विचार मंदावतो, आणि रोगी शांत होतो. ही शांतता तितिक्षेसारखी दिसते, हाच घोटाळा आहे. कुरकुरणाऱ्याचा देह अजून लढत असतो. ज्याने कुरकुर सोडली, त्याच्याकडे आधी पाहावे.

ह्यासाठी हिमालयच लागतो असे नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेची सुमारे २९,००० किलोमीटरांची मजल मारली. त्यात रशियातील शून्याखालची थंडी तिने सोसली. आमच्या घाटात पावसाळी दिवशी पारा वीस अंशांच्या फारसा खाली जात नाही. पण पाणी हे हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगाची ऊब ओढून नेते, आणि ओल्या सदऱ्यावर वारा लागला की त्यात भर पडते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरांच्या डोंगरी धावशर्यतीत पाऊस, गारा व वारा ह्यांनी २१ धावपटूंचा बळी घेतला. सकाळी निघताना बहुतेकांच्या अंगावर पातळ, आखूड कपडे होते.

सायकलस्वारास धावणाऱ्याहून एक अडचण अधिक आहे, ती उताराची. चढताना मनुष्य राबतो, म्हणून तापतो आणि घामाने आतून भिजतो. खिंड ओलांडली की पायांचे काम संपते आणि वारा मात्र चौपट होतो. ५ जून १९८८ रोजी इटलीच्या प्रदक्षिणा-शर्यतीत गाव्हिया नावाच्या २,६०० मीटरांहून उंच खिंडीत हिमवादळ झाले. योहान व्हान डर वेल्डे हा डच स्वार आखूड बाह्यांच्या सदऱ्यात सर्वांच्या आधी माथ्यावर पोहोचला. उतारावर असा गारठला की वाटेत आसरा घ्यावा लागला, आणि मुक्कामी तो पाऊण तासाहून अधिक उशिरा आला. अँडी हॅम्पस्टेनच्या संघाने त्याच सकाळी दुकानातून बर्फावरचे जाड हातमोजे व गरम कपडे विकत आणले होते, आणि माथ्याजवळ गरम चहाची सोय ठेवली होती. त्या दिवशी पुढारीपण त्याच्याकडे आले आणि अखेर ती शर्यत त्यानेच जिंकली. असे करणारा तो पहिला अमेरिकन. हातमोजे विकत आणण्यास विवेकचूडामणीची संमती मिळाली नसती. पण संन्यासी गाव्हिया उतरत नाही.

मेळ्याने जाण्यात आणखी एक पेच असतो. ‘ब्रेव्हे’ नावाच्या दीर्घ पल्ल्याच्या फेऱ्या पुण्यामुंबईचे क्लब भरवतात. तीत २०० किलोमीटरांस साडेतेरा तास मिळतात, आणि पाऊस आला म्हणून घड्याळ थांबत नाही. मेळ्यातील सशक्त पुढे ओढतात, अशक्तास आपल्यापायी सर्वांस उशीर नको असे वाटून तो गप्प राहतो. आमच्या पडवीतही वाद झालाच. ‘ह्याला टेंपोत घालू, महाड आता तासा-दीडतासावर आहे, आपण जाऊ,’ असे एका तरुणाचे म्हणणे. त्याचा राग खोटा नव्हता. कैक महिने त्याने ह्या फेरीची तयारी केली होती. म्होरक्या बाई म्हणाल्या, ‘अरे, तुलाही थंडी वाजते आहे, म्हणून चिडतो आहेस. चहा घे.’ चहा झाला. नंतर कोणी गेले नाही.

तेव्हा मेळ्याने निघणाऱ्यांनी घरी बसून, कोरड्या अंगाने, आधीच ठरवावे की कोणत्या लक्षणावर थांबायचे. भिजलेल्या डोक्याने तो निर्णय होत नाही. दोघादोघांच्या जोड्या लावाव्या आणि माथ्यावर प्रत्येकाने आपल्या जोडीदाराशी बोलून पाहावे. सुती बनियन घरीच ठेवावे; ते भिजले की अंगास चिकटून बसते. लोकर भिजली तरी बरीच ऊब राखते. घामट रेनकोट चढावर गुंडाळून ठेवावा व माथ्यावर, अंग तापलेले असतानाच, घालावा. उतारापूर्वी सदऱ्याखाली छातीवर वर्तमानपत्राची घडी घालण्याची युरोपीय स्वारांची जुनी युक्ती फुकटची आहे आणि गुणकारी आहे. मागच्या चाकास लांब मडगार्ड असावे. ते स्वतःपेक्षा मागून येणाऱ्याच्या तोंडासाठी असते. ज्या सायकलींचे ब्रेकचे रबर चाकाच्या कडेस घासते, त्यांची पकड ओल्यात उशिरा लागते, म्हणून बधिर बोटांच्या मनुष्याने पहिल्या वळणापूर्वीच ब्रेक हलके दाबून पाहावेत.

आणि घरी वाट पाहणाऱ्यांस एक सांगणे. मुलगा वा सून घाटातून फोन करील, तेव्हा ‘कसा आहेस?’ असे विचारू नये. ‘बरा आहे’ हे उत्तर ठरलेलेच असते. ‘मागचे गाव कोणते लागले, किती वाजता निघालात, बरोबर कोण आहे?’ असे तीन प्रश्न विचारावे आणि उत्तरांपेक्षा उच्चार ऐकावा. शब्द अडखळले, की फोन सोबत्याच्या हाती द्यावयास सांगावे.