फ्लॅश गेला, धडे अडकले
राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम 2015 मध्ये सुरू झाला आणि लोकवर्गणीच्या प्रोजेक्टरवर नांदेड जिल्ह्यातल्या भोकरसारख्या तालुक्यांतली पोरंही हलती चित्रं बघत शिकू लागली. त्या काळातले बरेच धडे फ्लॅश या अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधलेले. फ्लॅश बंद होणार हे अ‍ॅडोबीनं जुलै 2017 मध्येच सांगितलं होतं. 12 जानेवारी 2021 पासून ब्राउझरमधला प्लेअर थांबलाच. साडेतीन वर्षं कमी नव्हती, आपण झोपलो होतो. आता हे धडे ब्राउझरला थेट कळणाऱ्या एचटीएमएल5 वर न्या, असं म्हणणं सोपं. चित्र आणि आवाज तिकडे नेता येतात. पण बटण दाबल्यावर काय घडावं हे सांगणारं अ‍ॅक्शनस्क्रिप्ट नव्यानं लिहावं लागतं. शिवाय मराठीचं खास दुखणं : मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फाँटमध्ये टंकलेला असेल, तर तो उचलला की अक्षरांचा नुसता चिवडा. रफल हा मोफत प्लेअर जुने धडे चालवतो, सगळेच नाही. म्हणून ज्यांनी असे धडे बनवले किंवा बनवून घेतले, त्यांनी जुन्या हार्डडिस्क भंगारात देण्याआधी त्यांतल्या मूळ, बदल करता येणाऱ्या एफएलए फायली काढून ठेवाव्यात. नुसत्या एसडब्ल्यूएफवरून, म्हणजे प्लेअरमध्ये चालणाऱ्या तयार फायलीवरून, धडा पुन्हा बांधणं फार जिकिरीचं जातं.