आता या वयात काय शिकायचं?

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागात आपली कितीतरी घरं दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. बहुतेकांचं मूळ खान्देशातलं. घरं झाली, मुलं मार्गी लागली. आणि घरातली बाई पन्नाशीला आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. कधी ती स्वतः म्हणते, कधी घरचे तिच्याबद्दल म्हणतात: आता या वयात काय शिकायचं? नर्सिंगमध्ये अठ्ठावीस वर्षं काढल्यावर माझं स्पष्ट मत झालंय की या वाक्यानं आपल्या घरांत फार नुकसान केलंय. विचारांचं वगैरे राहू द्या, मी सरळ तब्येतीचं म्हणते.

आमच्या कामात शिकणं थांबवून चालतच नाही. मी शिकत होते तेव्हा बाळाला चार ते सहा महिने फक्त आईचं दूध, असं सांगायचे. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पूर्ण सहा महिने म्हटलं. हृदय बंद पडलेल्या माणसाला आधी श्वास आणि मग छातीवर दाब, असा क्रम आम्ही पाठ केलेला. २०१० मध्ये तो उलटा झाला, आधी छाती दाबायची. बीपीचं पाऱ्याचं मशीन गेलं, डिजिटल आलं. पुस्तक बदलतं, आपण बदलायचं. त्यात कमीपणा कसला?

पण खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सुरतच्या भाषांनी. अमळनेरहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मराठी, अहिराणी आणि मोडकंतोडकं हिंदी एवढीच शिदोरी. वॉर्डात एक गुजराती बा म्हणाल्या, "गभरामण थाय छे." नव्या मराठी मुलीला वाटतं बाई घाबरली, धीर द्यावा. पण गभरामण म्हणजे नुसती भीती नव्हे. जीव कासावीस होणं, छातीत कोंडल्यासारखं वाटणं, आपण "जीव घाबरा होतोय" म्हणतो ना, त्याच्या जवळचं. शुगर असलेल्या बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही, कधी एवढंच होतं. म्हणजे हा शब्द कानावर पडला की पाठीवरून हात फिरवत बसायचं नाही, आधी ईसीजी. लूम्सवर काम करणारे गंजामकडचे ओडिया भाऊ तापाला "जर" म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पुढच्या "तर"ची वाट बघत होते!

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची, आणि त्यासाठी १५० तासांचं शिक्षण दाखवायचं. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण त्या तासांत "गभरामण" कुणी शिकवत नाही. ते पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहूनच कळतं.

आता आपल्या घरांकडे येते. डिंडोलीतल्या एक मावशी, वय अठ्ठावन्न, शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. मी म्हटलं, मावशी, तुम्हीच टोचायला शिका. मुलगा लगेच म्हणाला, "सिस्टर, आईला या वयात कशाला त्रास, मी देईन ना सुई." मुलगा गुणाचा, शंकाच नाही. पण त्याची लूम्सच्या खात्यात बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. सून सकाळी साडीवर टिकल्या लावायच्या कामात. मग सुई कधी आठला, कधी अकराला, कधी नाहीच. आणि जेवण मात्र ठरल्या वेळी! शुगर कधी चारशे, कधी साठ. घाम सुटून हातपाय थरथरायला लागले की घरच्यांना वाटायचं अशक्तपणा आहे, नाहीतर नजर लागली.

मावशींना अडचण एकच होती. मशीनवर आकडे इंग्रजी, आणि त्यांना १, २, ३ मराठीतले येत. म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत जाणारी नात कामाला लागली. कॅलेंडरच्या मागे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दिले. नऊच तर आकडे आणि एक शून्य. महिन्याभरात मावशी स्वतः शुगर तपासायला लागल्या, वहीत लिहायला लागल्या. मला म्हणाल्या, "मन्हं मी करी लेस आते, पोऱ्याले झोपू दे." या वाक्यानं मला किती बरं वाटलं ते सांगत नाही.

म्हणून म्हणते, शिकणं म्हणजे हौस, रिकामपणाचा उद्योग, असं आपण धरून चाललोय तेच चुकीचं. आणि हे फक्त बायकांबद्दल आपण का बोलतो? साठीच्या काकांनी स्मार्टफोन घेतला तर कौतुक, काकूंनी घेतला तर "कशाला हवाय?"

मोठ्या वयात माणसं शिकत नाहीत, हे तर सुरतकरांनी बोलूच नये. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी आली आणि सासूबाई सांगतात, भुसावळकडच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. तेव्हा पन्नाशी-साठीचे दुकानदार कचरा कुठे टाकायचा ते शिकलेच की. दंड भरून शिकले, पण शिकले.

गणपतीत आपल्या मंडळांत रांगोळी आणि पाककृती स्पर्धा होतात, होऊ द्या. त्यातली एक संध्याकाळ एक तास आम्हा नर्सेसना द्या. आपल्या समाजात कितीतरी जणी आहेत, फुकट येतील. ग्लुकोमीटर कसं वाचायचं, डिस्चार्जच्या कागदावरची औषधं कशी ओळखायची, एवढंच शिकवू. पुढे सूनबाई नाही, ज्यांची औषधं त्याच बसतील.

तोवर ज्यांच्या घरी बाटलीतलं इन्सुलिन आहे त्यांनी आजच सिरिंजचं टोपण बघा. बाटलीवर ४० लिहिलं असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० असेल तर केशरी. दोन्ही एकमेकांना चालत नाहीत, डोस अडीच पट कमी-जास्त होतो. नवी बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. घाम, थरथर सुटली तर आधी शुगर तपासा. सत्तरच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. गिळता येत नसेल, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. आणि हे वाचून दाखवू नका, आईच्या हातात फोन द्या. तिला वाचू द्या, वेळ लागला तरी.